किती पीपीएम ते सगळे सांगतात, किती वेळ ते कोण सांगणार? (कोळंबी तलाव, व्हिब्रिओ आणि प्रतिजैविकांचे पर्याय)

खाजणकाठ (सोमवार, रात्री ९:१०)

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान कोळंबीत चालत नाहीत, हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको. कोलिस्टिनही २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी बंद झालं. आता बाजारात ‘प्रतिजैविकाला पर्याय’ म्हणून दहा प्रकारच्या बाटल्या आल्यात: लवंग-ओव्याची तेलं, सेंद्रिय आम्लं, नॅनो सिल्व्हर, आयोडीन, पेरॉक्साइड, फाज (जिवाणू मारणारे विषाणू). प्रत्येकीवर एकरी मात्रा छापलेली असते. ती मात्रा पाण्यात किती वेळ टिकली पाहिजे आणि तेवढ्या वेळात व्हिब्रिओ (कोळंबीला रोग करणारा जिवाणू) किती घटतो, ते मात्र छापलेलं नसतं.

धागा याच प्रश्नासाठी काढलाय. नियम दोनच. ब्रँडची नावं नकोत. आणि ‘आमच्या तलावात असं झालं’ नको. मात्रा, मिनिटं, पद्धत आणि चूक कुठे होते ते लिहा. भाट्ये, जयगड, आचरा, कुठल्याही खाडीच्या पाण्याला लागू पडेल असं.

पेट्रीबशी (सोमवार, रात्री १०:०२)

सुरुवात एमआयसीपासून (जिवाणूची वाढ थांबवणारी किमान तीव्रता) करायला हवी, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. बाटलीच्या पत्रकावर ‘एमआयसी २०० पीपीएम’ असं असतं. ही तपासणी नळ्या १६ ते २० तास उबवून वाचतात. नळी गढूळ झाली नाही तर ‘वाढ थांबली’. म्हणजे एमआयसी फक्त एवढंच सांगते की तितकी तीव्रता रात्रभर कायम राहिली तर जिवाणू वाढत नाही. तो मेला की नुसता दबून बसला, आणि मेला असेल तर पाचव्या मिनिटाला की पंधराव्या तासाला, यातलं काहीच त्या आकड्यात नाही.

एमबीसी (जिवाणू मारणारी किमान तीव्रता) थोडी पुढे जाते. तिथे ९९.९ टक्के मेले पाहिजेत, पण मोजणी पुन्हा २४ तासांनीच.

तलावात किंवा टाकीत कुठलं औषध २४ तास एका तीव्रतेवर राहतं? पेरॉक्साइड काही तासांत विघटित होतं. तेल पृष्ठभागावर येऊन उडून जातं. आयोडीन गाळात खर्ची पडतं. ज्या पदार्थाला मारायला सहा तास लागतात आणि जो पाण्यात एक तास टिकतो, त्याची एमआयसी कितीही सुंदर असली तरी उपयोग शून्य.

ओहोटी (सोमवार, रात्री १०:२५)

पण एमआयसी कमी म्हणजे औषध जास्त तिखट, एवढं तर खरं ना? मग मात्रा दुप्पट केली की वेळ निम्मा लागेल. हिशोब सोपा आहे.

पेट्रीबशी (सोमवार, रात्री ११:१५)

ओहोटी, तो हिशोब काही पदार्थांना लागू पडतो, काहींच्या बाबतीत साफ फसतो. १९०८ साली हॅरिएट चिक यांनी दाखवलं की जंतुनाशकाने जिवाणू मरण्याचा वेग बराचसा रासायनिक क्रियेसारखा चालतो: ठरावीक वेळात उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा मरतो. त्याच वर्षी वॉटसन यांनी त्यात तीव्रता घातली. तीव्रतेचा अमुक घात गुणिले वेळ हा गुणाकार स्थिर राहतो. सगळी गोम त्या घातात आहे.

क्लोरीन, पेरॉक्साइड, आयोडीन यांचा घात १ च्या आसपास. तीव्रता निम्मी झाली तर वेळ दुप्पट. तुमचा हिशोब इथे बरोबर.

फिनॉलचा घात सुमारे ६. तीव्रता निम्मी झाली की वेळ ६४ पट. एक तृतीयांश झाली की ७२९ पट. म्हणजे एका मिनिटाचं काम बारा तासांवर जातं. अल्कोहोलचा घात १० च्या घरात, म्हणून ७० टक्के स्पिरिट सेकंदांत काम करतं आणि १० टक्के जवळजवळ काहीच करत नाही.

लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल ही सगळी फिनॉलचीच भावंडं. सगळ्यांचा घात बरोबर ६ येईल असं नाही, तो ज्याचा त्याने मोजावा. पण स्वभाव घराण्याचा आहे: पुरेशा तीव्रतेला जिवाणूचं पटल मिनिटांत फाटतं, थोडं पातळ केलं की घड्याळ थांबल्यासारखं होतं. ‘थोडी कमी मात्रा, पण जास्त वेळ’ हा डाव पेरॉक्साइडसाठी जमतो, लवंगतेलासाठी नाही.

उधाण (मंगळवार, सकाळी ७:३०)

याला तलावाचं गणित जोडतो. एक एकर म्हणजे ढोबळ ४,००० चौरस मीटर, पाणी १.२ मीटर. झालं ४,८०० घनमीटर. १ पीपीएम म्हणजे ४.८ किलो शुद्ध पदार्थ.

२०० पीपीएम तेल हवं असेल तर ९६० किलो. कुणी टाकणार नाही, आणि टाकलं तर आधी कोळंबी मरेल (युजेनॉल माशांना भूल द्यायला वापरतात, विसरू नका). पत्रकाप्रमाणे एकरी १ लिटर टाकलं तर तीव्रता ०.२ पीपीएम. हजार पटींनी कमी. वरचा घाताचा नियम लावला तर किती वेळ लागेल ते काढण्यातही अर्थ नाही.

तेव्हा पाण्यात तेल हा विषयच बाद. तेल चाललंच तर खाद्यातून, आणि त्याचं घड्याळ वेगळं आहे.

जांभा (मंगळवार, सकाळी ९:५०)

पेट्रीबशी, टाइम-किलची (किती वेळाने किती जिवाणू उरले ते मोजायची चाचणी) पद्धत नीट पायऱ्यांनी लिहा ना. प्रत्येक लॅब ‘केलं’ म्हणते, आणि कागदावर फक्त ० आणि २४ तास असतात.

पेट्रीबशी (मंगळवार, दुपारी १:४०)

लिहितो. लहान लॅबला जमेल अशी.

जिवाणू: व्हिब्रिओ रात्रभर टीएसबीमध्ये (जिवाणू वाढवायचं पोषक द्रावण) वाढवा, एकूण मीठ २ टक्के होईल एवढं घालून (टीएसबीत मुळात ०.५ टक्का असतंच, वरून १.५). तापमान २८ ते ३० अंश. ३७ अंशाला करू नका, तलाव ३७ अंशांना नसतो. सकाळी ताज्या टीएसबीत शंभराला एक या प्रमाणात घालून दोन-तीन तास वाढवा. रात्रभर उपाशी बसलेले जिवाणू चिवट असतात आणि वाढीच्या भरातले नाजूक, म्हणून कुठले वापरले ते नोंदवायचं. दोन्ही अवस्था तपासल्या तर उत्तम.

नळ्या: प्रत्येकी १० मिली. माध्यम म्हणून टीएसबी नको. खाडीचंच पाणी ०.२ मायक्रॉन फिल्टरने गाळून घ्या, क्षारता आणि पीएच मोजून लिहून ठेवा. चार नळ्या लागतात: औषध, औषधाचा नुसता विद्रावक (अल्कोहोल, डीएमएसओ, ट्वीन, जे असेल ते), काहीच न घातलेली, आणि न्यूट्रलायझरच्या (औषधाचं काम तिथेच थांबवणारा पदार्थ) चाचणीची. जिवाणू प्रत्येक नळीत मिलीला ५ लाख ते १० लाख. अंदाजाने नाही, शून्य मिनिटाला प्लेटवर मोजून.

वेळा: ०, १, ५, १५, ३०, ६० मिनिटं, मग २, ६, २४ तास. पहिल्या तासात दाट, पुढे विरळ.

प्रत्येक वेळी १ मिली काढून ९ मिली न्यूट्रलायझरमध्ये. पाच मिनिटं थांबा. मग २ टक्के मिठाच्या पाण्यात दहा-दहा पट पातळ करत जा, प्रत्येकातून ०.१ मिली दोन-दोन प्लेटवर पसरा. ३० ते ३०० वसाहती असलेल्या प्लेटच मोजायच्या.

न्यूट्रलायझर ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. ते नसेल तर औषध प्लेटवर जाऊनही मारत राहतं. तुम्ही लिहिता ‘१ मिनिटात खलास’, प्रत्यक्षात संपर्क १८ तासांचा झालेला असतो. कशाला काय:

आयोडीन, क्लोरीन, परॲसेटिक ॲसिड: सोडियम थायोसल्फेट, लिटरला ५ ग्रॅम.
बीकेसी (बेन्झाल्कोनियम क्लोराइड) आणि वनस्पती तेलं: ट्वीन ८० लिटरला ३० ग्रॅम, लेसिथिन ३ ग्रॅम.
पेरॉक्साइड: कॅटॅलेझ (पेरॉक्साइड मोडणारं विकर).
चांदी: सोडियम थायोग्लायकोलेट.
आम्लं: पीएच ७ चा बफर, तोही दमदार. पट्टीने तपासून खात्री करा.

न्यूट्रलायझर स्वतः विषारी नाही ना, आणि औषधाला खरंच थांबवतो ना, हे दोन्ही तपासा. दुसऱ्यासाठी औषध आणि न्यूट्रलायझर एकत्र करून पाच मिनिटांनी त्यात साधारण १०० जिवाणू सोडा, अर्ध्या तासाने प्लेट करा. निम्म्याहून कमी आले तर तो न्यूट्रलायझर नापास आणि त्यावर काढलेला सगळा आलेखही नापास.

आणखी एक. वरच्या पद्धतीत एक वसाहत म्हणजे मूळ नळीत मिलीला १००. ५ लाखांपासून सुरू करून प्लेट कोरी आली तरी तुम्ही फार तर ३.७ लॉग घट सिद्ध केलीत (१ लॉग म्हणजे दहा पट). ‘१०० टक्के नष्ट’ असं लिहायचा हक्क मिळत नाही.

जांभा (मंगळवार, दुपारी ३:०५)

झकास. आता व्हिब्रिओसाठीच्या खास चुका माझ्याकडून.

पहिली चूक म्हणजे साधं डिस्टिल्ड पाणी. ई. कोलायवर हात बसलेला माणूस सवयीने त्यातच पातळ करतो. समुद्री व्हिब्रिओ मिठाशिवाय फुटतो. औषधाच्या नळीतही फुटतो आणि नियंत्रण नळीतही, पण नियंत्रणात संख्या जास्त असल्याने पटकन ध्यानात येत नाही.

दुसरी, फक्त टीसीबीएसवर (व्हिब्रिओसाठीचं निवडक माध्यम) मोजणं. त्यात पित्तक्षार असतात. औषधाने जखमी झालेला पण जिवंत व्हिब्रिओ तिथे उगवत नाही, तोच २ टक्के मीठ घातलेल्या टीएसएवर (साधं पोषक माध्यम) उगवतो. दोन्हीवर एकाच वेळी पसरा. टीएसएवर दहा हजार आणि टीसीबीएसवर शंभर आले तर मधले नऊ हजार नऊशे जखमी आहेत, मेलेले नाहीत. तलावात त्यांना सावरायला वेळ मिळतो. ५ मिनिटांना हा फरक मोठा असेल आणि ६० मिनिटांना मिटला असेल, तर जखम मरणापर्यंत पोचायला किती वेळ लागतो तेही कळतं. माझ्या मते टाइम-किलमधली ही सगळ्यात उपयोगी माहिती, आणि ती जवळपास कुणी काढत नाही.

तिसरी, जिवंत पण प्लेटवर न उगवणारी अवस्था. १९८२ मध्ये रीटा कोलवेल यांच्या गटाने कॉलऱ्याच्या व्हिब्रिओत आणि ई. कोलायमध्ये ती दाखवली. थंडी आणि उपासमार ही तिची नेहमीची कारणं. म्हणून नमुन्याची बाटली थेट बर्फात खुपसू नये. गार पेटीत, बर्फाला न चिकटवता, आणि सहा तासांच्या आत प्लेटवर.

गजालवाडी (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

औषध अर्ध्या तासात संपता आणि जंतू थयच रवता, ह्या माका पटला. पण ता मोजूचा कसा? आमच्या हयसर लॅब नाय, फिल्टर नाय. तुमचा ता कॅटॅलेझ खंय गावतला? साध्या माणसान काय करूचा ता सांगा.

जांभा (मंगळवार, रात्री ८:४५)

गजालवाडी, तुमच्यासाठी कमी खर्चाचं.

टीसीबीएसच्या तयार प्लेट आणा, थर्मोकोलच्या पेटीत साधा बल्ब लावून २८-३० अंश राखा. क्लोरीन आणि पेरॉक्साइडच्या रंगपट्ट्या मिळतात, त्या घ्या. औषध टाकण्याआधी, मग अर्ध्या तासाने, दोन तासांनी, सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी घ्या. एकच जागा नको: एअरेटरजवळ, उघाडीजवळ आणि कोपऱ्यातलं तळाचं. प्रत्येक वेळी दोन गोष्टी नोंदवा, पट्टीवर औषध किती उरलं आणि प्लेटवर व्हिब्रिओ किती आले.

क्लोरीन असेल तर १२० मिलीच्या बाटलीत आधीच १० टक्के थायोसल्फेटचं ०.१ मिली टाकून ठेवा, म्हणजे दोन थेंब. त्याने सुमारे १५ पीपीएमपर्यंतचं क्लोरीन बाटलीतच मरतं. नाही तर घरी पोचेपर्यंत बाटलीत उपचार चालूच राहणार. पट्टीसाठी मात्र वेगळं, थायोसल्फेट नसलेलं पाणी घ्यायचं.

पेरॉक्साइडला कॅटॅलेझ नसेल तर निदान ताबडतोब शंभर पट पातळ करा, २ टक्के मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात. परिपूर्ण नाही, पण घात १ असल्याने शंभर पट पातळ म्हणजे वेग शंभर पट मंद. लवंगतेलाला तर पातळ करणं हाच मोठा न्यूट्रलायझर, कारण तिथला घात मोठा.

लवणांश (मंगळवार, रात्री १०:३०)

खाऱ्या पाण्याबद्दल तीन गोष्टी, कारण पत्रकं बहुधा गोड्या पाण्यातल्या चाचणीवर छापलेली असतात.

चांदी. नॅनो सिल्व्हर मारते ती मुख्यतः सुटणाऱ्या चांदीच्या आयनांनी, आणि हे काम मुळातच सावकाश, तासांच्या मापाने चालतं. खाडीच्या पाण्यात क्लोराइड मुबलक: १५ पीपीटी (हजारात १५ भाग) क्षारतेला लिटरमागे ८ ग्रॅमच्या वर. आयन सुटला की क्लोराइड त्याला पकडतं. गोड्या पाण्यात दोन तासांत दिसलेली मारकता इथे दिवसभरातही दिसणार नाही. खाजणात चांदी टाकणं म्हणजे खाडीला वाळा घालणं.

आयोडीन. पोव्हिडोन आयोडीन १० टक्के नेहमीच्या बाटलीत असतं. जास्त दाट म्हणजे जास्त वेगवान, हे इथे उलटं आहे. मारतो तो मोकळा आयोडीन, आणि तो सगळ्यात जास्त असतो बाटली शंभर पट पातळ केल्यावर, ०.१ टक्क्याच्या आसपास. दाट द्रावणात पॉलिमर त्याला धरून ठेवतो. म्हणजे पातळ द्रावण लवकर मारतं. पण त्याची शिल्लकही कमी, जाळ्यावर चिखल-शेवाळ असेल तर ते काही मिनिटांत संपतं. म्हणून जाळी, बादल्या, हात यांच्यासाठी आधी धुणं, मग पातळ आयोडीन, आणि रंग फिका पडला की द्रावण बदलणं. घड्याळापेक्षा रंग बघा.

क्लोरीन. साध्या पाण्यात पीएच ८ ला फक्त एक चतुर्थांश क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, उरलेला बराच दुबळा. पण समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. क्लोरीन त्याला झटकन ऑक्सिडाइज करून हायपोब्रोमस आम्ल करतं, आणि ते पीएच ८ लाही चार-पंचमांश सक्रिय रूपात राहतं. तेव्हा मे महिन्यातल्या खाऱ्या खाडीत क्लोरीन चांगलं चालतं. ऑगस्टमध्ये खाडी गोडी होऊन ३ पीपीटीवर आली की ब्रोमाइड लिटरला ५-६ मिलिग्रॅम उरतं, १० पीपीएम क्लोरीनला ते पुरत नाही. वर डोंगरातून आलेला लाल गढूळपणा क्लोरीन खातो. तीच मात्रा, तोच अर्धा तास, निकाल वेगळा.

उधाण (बुधवार, सकाळी ६:५०)

लवणांश, म्हणूनच जलसाठ्याच्या तलावात आधी ‘मागणी’ काढायची. ब्लीचिंग पावडरचं द्रावण करून पाच बादल्यांत २, ५, १०, १५, २० पीपीएम टाका, ३० मिनिटांनी पट्टी लावा. ज्या बादलीत अर्ध्या तासानेही १ पीपीएम उरलेलं दिसतं ती मात्रा. एकराच्या ४,८०० घनमीटरला १० पीपीएम क्लोरीन म्हणजे ४८ किलो, ३३ टक्क्यांची पावडर १४५ किलो. पण उघड्या पोत्यातली जुनी पावडर ३३ टक्के राहत नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत तर मुळीच नाही.

संध्याकाळी टाका. उन्हात क्लोरीन लवकर उडतं, संपर्ककाळ आपोआप कापला जातो. आणि हे फक्त रिकाम्या साठ्यात, कोळंबी सोडायच्या आधी.

नारळीपौर्णिमा (बुधवार, सकाळी ११:१५)

खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते जंतुनाशक आहे, असं सगळीकडे वाचायला मिळतं. आणि कोकमाच्या सालीचा अर्क? दोन्ही आपल्या दारातलं. खाद्याला खोबरेल चोळून किंवा कोकम आगळ देऊन व्हिब्रिओवर किती वेळात परिणाम दिसेल?

पेट्रीबशी (बुधवार, दुपारी २:२०)

खोबरेलातलं लॉरिक आम्ल सुटं नसतं, ग्लिसरॉलला बांधलेलं असतं. पाचक रसांनी ते सुटेपर्यंत जंतुनाशक असं काहीच हजर नाही, तेव्हा घड्याळ सुरूच व्हायचं असतं. सुटल्यावरही दोन अडचणी. लॉरिकचा जोर मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर; व्हिब्रिओ ग्रॅम-निगेटिव्ह, त्याला बाहेरचं जास्तीचं पटल असतं. शिवाय खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम लॉरिकशी जुळून साबणाचा न विरघळणारा साका करतं. खोबरेल खाद्यावर गोळी बांधायला चांगलं. जंतुनाशक म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

आगळाची गंमत वेगळी. ते मुळात आंबट. पाच मिनिटांत व्हिब्रिओ मेला तर तो कोकमातल्या खास द्रव्याने की नुसत्या आंबटपणाने? व्हिब्रिओला आम्ल सोसतच नाही. म्हणून आगळाची चाचणी करताना शेजारी त्याच पीएचला आणलेलं सायट्रिक आम्ल ठेवा, आणि एका नळीत आगळ पीएच ७.५ ला आणून. तिसऱ्या नळीत काही झालं नाही तर तुम्ही चिंचेनेही तेच साधलं असतं. अर्क रंगीत असेल तर रेझाझुरिनसारख्या रंगबदलावर निकाल काढू नका. असे अर्क जिवाणू नसतानाही तो रंग बदलू शकतात.

सगळ्या सेंद्रिय आम्लांना हेच लागू. मारतं ते न विघटलेलं रूप, तेच पटलातून आत शिरतं. ॲसेटिकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू विघटतात तो) ४.७६. पीएच ४ ला ८५ टक्के रेणू कामाचे, तलावाच्या पीएच ८ ला दहा हजारांत जेमतेम सहा. फॉर्मिकचे लाखात सहाच्याही आत. म्हणून ‘आम्ल पाण्यात टाका’ असं सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

खाजणकाठ (बुधवार, रात्री ९:००)

म्हणजे उरलं खाद्य. तिथे संपर्ककाळ कसा धरायचा? कोळंबीच्या आतड्यातून अन्न काही तासांतच बाहेर पडतं.

उधाण (बुधवार, रात्री ९:५०)

दोन घड्याळं लावा. पहिलं पाण्यातलं: गोळी चेक ट्रेमध्ये (खाद्य तपासायचं तबक) पडल्यापासून खाल्ली जाईपर्यंत. कोळंबी माशासारखी गिळत नाही, धरून कुरतडत बसते. तासभर गेला तर नुसतं चोळलेलं पाण्यात विरघळणारं आम्ल बरंचसं बाहेर निघून गेलेलं असतं. तपासायला सोपं: १० ग्रॅम गोळ्या १ लिटर खाडीच्या पाण्यात ठेवा, हलकी हवा द्या, ५, १५, ३०, ६० मिनिटांनी गोळ्या काढून ऊर्ध्वपातित पाण्यात कुटा आणि पीएच बघा. शेजारी आम्ल न लावलेल्या गोळ्या. अर्ध्या तासात दोन्ही सारखे झाले तर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. चरबीचं आवरण असलेली आम्लं इथे टिकतात.

दुसरं आतड्यातलं. टाइम-किलमध्ये त्या मिश्रणाला ३ लॉगसाठी सहा तास लागत असतील, तर एका खाण्यात काम होणार नाही. दिवसातून एकदा जड मात्रा देण्यापेक्षा चारही वेळच्या खाद्यात मध्यम मात्रा बरी, म्हणजे आतडं रिकामं होण्याआधी पुढचा घास येतो. मध्यम म्हणजे किती, ते आलेखावरून ठरवायचं. तेलाच्या बाबतीत घात मोठा असल्याने मात्रा चार भागांत वाटून उंबरठ्याखाली गेलात तर चारही वेळा वाया.

सड्यावरचा (गुरुवार, सकाळी १०:१०)

फाजवर कुणीच बोललं नाही. एक फाज जिवाणूत शिरला की शंभर होऊन बाहेर पडतो, म्हणजे मात्रा आणि वेळ दोन्हीची चिंता नको, आपोआप वाढत जाणार. १८९६ साली हॅनकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू मरतो ते नोंदवलं होतंच.

पेट्रीबशी (गुरुवार, दुपारी १२:३०)

चिंता हवीच. फाज स्वतः पोहत नाही, जिवाणूला धडकेपर्यंत तरंगत राहतो. धडक बसून चिकटण्याचा स्थिरांक साधारण मिनिटाला मिलीत १० चा उणे नववा घात एवढा धरतात. पाण्यात फाज मिलीला १ कोटी असेल तर मिनिटाला एक टक्का जिवाणू गाठले जातात. निम्मे गाठायला सुमारे ७० मिनिटं, ९० टक्के गाठायला जवळपास चार तास. फाज १० लाख असेल तर निम्म्यासाठी साडेअकरा तास, नव्वदसाठी दीड दिवसाच्या वर. शिरल्यावर फुटायला आणखी अर्धा-एक तास.

आपोआप वाढण्यासाठी जिवाणू दाट हवेत. नळीत मिलीला १० कोटी असतात, तिथे जादू दिसते. तलावात मिलीला हजार असतात, नवे फाज पुढचा जिवाणू शोधत फिरतात आणि दुपारच्या उन्हात निकामी होतात. म्हणून टाकायचेच तर सूर्यास्तानंतर.

सड्यावरचा (गुरुवार, दुपारी १:१५)

मग सुरुवातीलाच मिलीला १ कोटी टाका. एकराला काही लिटर पुरतील.

उधाण (गुरुवार, दुपारी २:००)

शून्यं मोजा, भाऊ. ४,८०० घनमीटर म्हणजे ४.८ अब्ज मिली. गुणिले १ कोटी. तुमचं द्रावण मिलीला १,००० कोटी फाजचं असलं तरी ४,८०० लिटर लागेल. टँकर. पण हॅचरीतल्या १० घनमीटरच्या टाकीला तेच १० लिटर. फाजचा धंदा अळ्यांच्या टाकीत आहे, तलावात नाही.

सड्यावरचा (गुरुवार, दुपारी २:२०)

मान्य. शून्यं खाल्ली मी.

पेट्रीबशी (गुरुवार, रात्री १०:४०)

आलेखाच्या शेपटीबद्दल लिहायचं राहिलं होतं. चिकच्या नियमाने लॉग-आलेख सरळ रेघ यायला हवी. बरेचदा ती आधी कोसळते आणि मग आडवी होते. १९४४ मध्ये बिगर यांनी पेनिसिलिनमध्ये हे पाहिलं आणि उरलेल्यांना ‘पर्सिस्टर’ म्हटलं. ते प्रतिरोधक नसतात, झोपलेले असतात. पर्यायी औषधांतही शेपटी दिसते, पण तिथे आधी तपासा: औषधच संपलंय का? ३० मिनिटांनी आलेख आडवा झाला तर त्याच नळीत दुसरी मात्रा टाका. पुन्हा कोसळला तर दोष टिकाऊपणाचा. आडवाच राहिला तर झोपलेले किंवा गुठळीत लपलेले जिवाणू आहेत. टाकीच्या भिंतीवरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू तर पाण्यातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त वेळ सोसतात. तिथे घासणं हेच पहिलं औषध.

रोज ठरावीक वेळाचा उपचार देण्यातही धोका आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ई. कोलायला रोज ३, ५ किंवा ८ तास ॲम्पिसिलिन दिलं. काही दिवसांतच जिवाणूंनी आपली सुरुवातीची झोप नेमकी तेवढ्या तासांना जुळवून घेतली. एमआयसी जराही बदलली नाही. एमआयसी बघत बसलेल्या लॅबला हे कधीच कळलं नसतं. प्रयोग प्रतिजैविकावरचा आहे. पण जे औषध फक्त वाढत्या पेशीला मारतं, त्याच्या बाबतीत हीच शंका ठेवावी.

लवणांश (शुक्रवार, सकाळी ८:१५)

२४ तासांनंतर काय होतं तेही नोंदवा. ३ लॉग घट म्हणजे मिलीला दहा लाखांचे हजार. मेलेल्या शेवाळाचं आयतं अन्न, प्रतिस्पर्धी साफ. दुप्पट व्हायला एक तास धरला तर दहा तासांत पुन्हा दहा लाख. म्हणून जंतुनाशकानंतर मोकळी जागा भरायला बॅसिलस लागतो. तो मारत नाही, जागा अडवतो, आणि त्याचं माप दिवसांचं आहे. क्लोरीन पूर्ण गेल्याची पट्टी बघितल्याशिवाय गुळाच्या पाण्यात फुगवलेलं प्रोबायोटिक ओतू नका. सुक्या पावडरीतले बीजाणू थोडंफार सोसतात, फुगवलेल्या जिवंत पेशी नाहीत.

गजालवाडी (शुक्रवार, दुपारी ४:३०)

एक शेवटचा. क्लोरीन मारूक ‘हायपो’ आणूक सांगतत. दुकानदार इचारता, खयचा हायपो? दोन बरण्यो दाखवल्यान.

जांभा (शुक्रवार, संध्याकाळी ७:१०)

बरं झालं विचारलंत, ही चूक महागात पडते. फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणायचे तो सोडियम थायोसल्फेट: पांढरे खडे, वास नाही, पाण्यात विरघळताना भांडं गार लागतं. हाच हवा. दुसरा हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पिवळसर पातळ, वास क्लोरीनचा. तो स्वतःच क्लोरीन आहे, टाकलात तर दुप्पट होईल.

मात्रा: उरलेल्या प्रत्येक १ पीपीएम क्लोरीनला खड्यांचे ७ पीपीएम. एकराच्या तलावात पट्टी १ दाखवत असेल तर ४.८ गुणिले ७, साधारण ३४ किलो. एवढे पैसे घालण्याआधी दोन दिवस एअरेटर चालवा, ऊन पडू द्या आणि पट्टी पुन्हा लावा. बहुतेक वेळा खड्यांचं पोतं उघडावं लागत नाही. शंका असेल तर बादलीत तलावाचं पाणी घेऊन कोळंबीचं दहा-बारा बी (पिल्लं) सोडा, चोवीस तास ठेवा.